नवीन गेम घेण्याआधी ग्राफिक्स कार्डात रे ट्रेसिंग आहे का बघा

आधी रे ट्रेसिंग (गेममधला उजेड, सावल्या, प्रतिबिंबं खऱ्यासारखी दाखवायचं तंत्र) म्हणजे सेटिंगमधलं एक बटण होतं, नको असेल तर बंद करायचं नि पुढे जायचं. आता इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम द डार्क एजेस सारखे गेम कार्डात हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे त्यासाठीची खास सोय, नसेल तर चालतच नाहीत, कितीही लो सेटिंग करा. त्यामुळे आपल्याकडे घरोघरी असलेलं जीटीएक्स १६५० किंवा १६६० इथे बाद, एएमडीचं आरएक्स ५७०० पण बाद. आरटीएक्स २०६० पासून पुढचं किंवा आरएक्स ६००० सिरीजचं कार्ड असेल तर रे ट्रेसिंगचा पाया पक्का आहे.

चेक करायला विंडोज आणि आर दाबा, डीएक्सडायग (dxdiag) टाईप करून एंटर दाबा, डिस्प्ले टॅबमध्ये डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट एनेबल्ड दिसलं की झालं (गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन कार्ड असतात, तिथे रेंडर टॅब पण बघाच).

पण नुसतं एवढ्यावर जाऊ नका, खरी अडचण व्हीरॅमची, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची आहे. ८ जीबीवाल्या कार्डावर टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा बारकावा) हाय ठेवलं की मेमरी भरते आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बरा दिसत असून गेम मधेच अडकतो, तेव्हा सगळ्यात आधी टेक्स्चर एक पायरी खाली घ्या, बाकीच्याला हात लावायची गरजच पडत नाही बरेचदा. मग आरटीएक्स कार्ड असेल तर डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून एफपीएस वाढवणारी सोय) क्वालिटीवर लावा, ते आरटीएक्स २०६० वर पण चालतं. फ्रेम जनरेशनच्या (मधे मधे जादा फ्रेम बनवून घालायच्या सोयीच्या) भरवशावर मात्र राहू नका, मुळात ३० एफपीएस मिळत असेल तर आकडा वाढतो पण माऊस जडच लागतो.