बार्बर होन तपासताय? या चुका टाळा

वस्तऱ्याची धार जरा उतरली की पूर्वी न्हावी हातात मावेल असा छोटा दगड काढत. त्यावर साबणाचा फेस लावून चार-पाच वेळा वस्तरा फिरवला, पट्ट्यावर घासला की पुढचं गिऱ्हाईक. तो दगड म्हणजे बार्बर होन. बहुतेक होन खाणीतून आलेले नाहीत, कारखान्यात भाजून केलेले आहेत. एडवर्ड अचेसनला १८९१ मध्ये सिलिकॉन कार्बाइड सापडलं, त्यावर उभ्या राहिलेल्या कार्बोरंडम कंपनीचे होन आणि स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या स्वाटी नावाचे होन आजही जुन्या बाजारात फिरत असतात. हातात येतो तो दगड कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलेला असतो, आणि दोन होनांच्या तुलनेतले निम्मे घोळ इथूनच सुरू होतात.

माझ्याकडे असे दोन होन आहेत. एकावर वस्तरा लावला, दाढी ठीकठाक झाली. दुसऱ्या दिवशी तोच वस्तरा दुसऱ्यावर फिरवला आणि पातं गालावरून असं सरकलं की मी त्या दगडाला पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळा झालो. महिन्याभराने सहज क्रम उलटा केला, तर पहिला जिंकला. म्हणजे जिंकत होता तो नेहमी दुसऱ्या क्रमांकाचा दगड. कारण उघड आहे: पहिल्याने निम्मं काम करून ठेवलेलं असतं, दुसरा आयता येऊन बसतो.

त्यामुळे दर चाचणीआधी धार एकाच पातळीवर आणा. वस्तऱ्याची धार काचेच्या गुळगुळीत कडेवर अगदी हलक्या हाताने एकदा ओढून मोडायची, मग नेहमीच्या दगडांवर, शेवटी ८००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितके कण बारीक) ती पुन्हा बांधायची आणि मगच होन. कंटाळवाणं काम आहे, कबूल. पण याला फाटा दिला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

होनला दोष देण्याआधी त्याचा पृष्ठभाग बघा. जुन्या साबणाचा थर, लोखंडाची काळी भुकटी, मधोमध पडलेला खळगा यातलं काहीतरी असतंच. आधी भांड्याच्या साबणाने आणि ब्रशने घासा. मग पेन्सिलने चौकटी आखा, सपाट काचेवर वॉटर पेपर ठेवून पाण्यासोबत घासा. रेघा सगळीकडून एकदम गेल्या म्हणजे दगड सपाट झाला. इथे माझी दुसरी चूक झाली. मी एक होन ४०० च्या पेपरवर सपाट केला आणि तिथेच थांबलो. त्याच्या अंगावर राहिलेले ओरखडे पात्यावर उतरले आणि मी म्हणत बसलो, हा दगड खरखरीत आहे. हे होन इतके कडक असतात की वरचा थर आपोआप झिजून नवा उघडा पडत नाही. तुम्ही जसा पृष्ठभाग द्याल तसाच तो महिनोन्महिने राहतो. दोन्ही दगड एकाच क्रमाने १००० आणि मग २००० च्या पेपरपर्यंत न्या, कडा किंचित गोलसर करा. नाहीतर तुम्ही दोन दगडांची नाही, दोन वॉटर पेपरांची तुलना करताय.

आता सगळ्यात फसवी तक्रार: ‘होन कापतच नाही.’ वस्तऱ्याला धार लावताना कोन आपण हाताने धरत नाही. पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली असतात, कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो. समजा पाठ ५ मिमी जाड आणि पातं १९ मिमी रुंद आहे. मग दोन्ही बाजू धरून कोन साधारण १५ अंश येतो. आधीच्या मालकाने पाठीवर चिकटपट्टी लावून धार केली असेल तर तो जेमतेम एक अंशाने वाढतो. तेवढ्यानेही काम बिघडतं: तुम्ही पट्टी न लावता होनवर फिरवलंत तर दगडाला टेकतो तो धारेलगतच्या निमुळत्या उताराचा वरचा भाग, धारेला स्पर्शच होत नाही. पन्नास वेळा फिरवा, काही फरक पडणार नाही.

हे ओळखायला मार्कर पुरतो. धारेलगतच्या उतारावर काळी शाई लावा, अजिबात जोर न देता दोनदा फिरवा आणि भिंगातून बघा. शाई अगदी धारेच्या कडेपर्यंत गेली असेल तर सगळं जागेवर आहे. वर पुसली गेली आणि कडेला काळी रेघ राहिली तर दगड निर्दोष. पट्टी लावा किंवा उतार मुळापासून नव्याने करा. टाचेकडे, म्हणजे मुठीच्या बाजूला, गेली आणि पात्याच्या टोकाकडे राहिली तर तुमचा हात तिरका चाललाय. होन पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असतो, म्हणून टाचेपासून टोकाकडे सरकवत तिरपंच फिरवावं लागतं. दिशा धार पुढे ठेवून, आणि उलटवताना पातं पाठीवरून वळवायचं.

नंबराच्या भानगडीत पडू नका. विकणारे ‘हा ८०००चा’, ‘हा १२०००चा’ असं बिनदिक्कत सांगतात. कार्बोरंडमच्या होनवरचा १०१ हा मॉडेलचा क्रमांक आहे, कणांच्या बारीकपणाचा नाही. शिवाय जपानी मोजणीतला ८००० म्हणजे सव्वा मायक्रॉनच्या आसपास, तर युरोपीय एफ १२०० म्हणजे ३ मायक्रॉन. दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

जास्त घासणं हा नवशिक्यांचा हमखास रोग. चार-पाच फेऱ्यांत खूश झालेला माणूस वीस मारतो, धारेवर धातूचा पातळ, लवचिक पदर तयार होतो. तो हाताच्या केसांवर भन्नाट कापतो आणि गालावर पहिल्या दोन ओढींत तुटतो. मग होनला शिव्या. असं झालं तर ८००० वर परत जाऊन हलक्या हाताने दहाएक फेऱ्या मारा आणि पुन्हा तीनच फेऱ्यांपासून सुरुवात करा.

फेस, साधं पाणी की कोरडा, यावर वाद घालणारे घालोत. फेसाने काम थोडं मंद आणि मऊ होतं, एवढं खरं. चाचणीत दोन्ही दगडांना एकच द्या. चामड्याच्या पट्ट्यावरच्या फेऱ्याही मोजून सारख्याच, आणि क्रोमियम ऑक्साइडच्या पेस्टचा पट्टा त्या दिवशी कपाटात. पेस्ट लावली की कुठलाही होन चांगलाच वाटतो.

केस लोंबता धरून तो धारेवर तुटतो का हे बघायचं असेल, तर केस एकाच डोक्याचा, धुतलेला आणि मुळाच्या टोकाला धरलेला हवा. पण मी त्याला प्राथमिक फेरीच मानतो. खरा निकाल दाढीवर, आणि तोही एका दिवसात लागत नाही. सारखे दोन वस्तरे असतील तर डावा गाल एका होनचा, उजवा दुसऱ्याचा. पुढच्या खेपेला अदलाबदल करा, कारण उजव्या हाताने काम करणाऱ्याचे दोन्ही गाल सारखे होत नाहीत. मी चार वेळा अशी अदलाबदल केली. चारही वेळा माझ्या डाव्या गालाचीच जास्त आग झाली.