मुंबईच्या फुटबॉल लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये संघ उतरवताना: मॅनेजरच्या फाइलीपासून मोज्यांपर्यंत

थर्ड किंवा सेकंड डिव्हिजनचा संघ पायाने हरतो तसा कागदानेही हरतो. राइट बॅकचं रजिस्ट्रेशन जुन्या क्लबकडेच अडकलेलं असतं. स्ट्रायकरची बंदी संपली की नाही, हे कोणी मोजलेलं नसतं. एकमेव गोलकीपर हार्बर लाइनच्या मेगाब्लॉकमध्ये कुर्ल्याला उभा असतो. प्रशिक्षक चांगला मिळाला तर उत्तमच, पण या पातळीवर आधी चांगला मॅनेजर शोधा.

मुंबईत लीग फुटबॉल जुनं आहे. हारवूड लीग सुरू झाली 1902 साली. राज्याची संघटना म्हणजे विफा, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, 1911ची. शहरातली लीग मुंबई फुटबॉल असोसिएशन चालवते. जुनी माणसं तिला जुन्या नावावरून, म्हणजे मुंबई डिस्ट्रिक्ट फुटबॉल असोसिएशनवरून, अजून एमडीएफएच म्हणतात. वरच्या विभागाचं नाव अधूनमधून बदलतं, त्याखाली सुपर, फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी उतरण आहे. नव्या संघाने तळापासून चढायची तयारी ठेवावी.

आधी क्लब, मग संघ

दहा मित्र आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे क्लब नव्हे. महाराष्ट्रात संस्था नोंदवायची तर 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान 7 सभासद लागतात, आणि तीच संस्था 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. घटना, सभासदांची यादी, पत्त्याचा पुरावा, जागामालकाचं ना हरकत पत्र हे सगळं लागतं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी तिघांची नावं सुरुवातीलाच पक्की करा. सचिव असा नेमा जो पुढची तीन वर्षं शहर सोडणार नाही. सही करणारा माणूस बंगळुरूला नोकरीला गेला की फेरफार अर्जात महिने जातात आणि तोवर बँक खातं अडकून पडतं.

नोंदणी हातात आली की संस्थेच्या नावाने पॅन आणि बँक खातं काढा. वर्गणी कोणाच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नका. त्यावरून फुटलेले क्लब मैदानातल्या भांडणांवरून फुटलेल्यांपेक्षा जास्त असतील.

असोसिएशनची संलग्नता आणि लीगची प्रवेशिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संलग्नता आहे म्हणून संघ आपोआप लीगमध्ये येत नाही. प्रवेशिका दर हंगामाला भरावी लागते. त्या हंगामाचं नियमपत्रक त्याच दिवशी मागून घ्या आणि वाचा. किती खेळाडू नोंदवता येतात, किती बदली चालतात, उशिराची सवलत किती मिनिटं, वॉकओव्हरला, म्हणजे संघ न उतरता सामना सोडला तर, दंड काय, किती पिवळ्या कार्डांवर एक सामना बाहेर, गुण समान झाले तर आधी गोलफरक की आपसातला निकाल: या सहा गोष्टी हंगामागणिक बदलू शकतात. गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबणारा मॅनेजर ऐन हंगामात अडकतो.

खेळाडूंची नोंद

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे घाई करायची नाही.

एआयएफएफची, म्हणजे देशाच्या फुटबॉल महासंघाची, ऑनलाइन नोंदणी व्यवस्था आहे. सगळे तिला सीआरएस म्हणतात. त्यात प्रत्येक खेळाडूला एक आयडी मिळतो आणि तो त्याच्याबरोबर कायमचा राहतो. क्लबने अर्ज भरला की तो असोसिएशनच्या मंजुरीला जातो. मंजुरी येईपर्यंत खेळाडू तुमचा नाही, मग तो रोज सरावाला येत असला तरी.

घोळ सुरू होतो तो एका प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराने. "याआधी कुठे नोंद होती का?" असं विचारलं की मुलगा "नाही" म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. चौदा वर्षांचा असताना एखाद्या अकादमीने त्याची नोंद केली होती, हे त्याला ठाऊकच नसतं. मग तुम्ही नवा अर्ज भरता, जन्मतारीख आणि नाव जुन्या नोंदीशी जुळतं आणि अर्ज लटकतो. म्हणून प्रश्न फिरवून विचारा. अंडर-13पासून कुठल्या अकादमीत होतास? कुठल्या स्पर्धेसाठी आधार कार्ड आणि फोटो दिला होतास? उत्तर "हो" आलं की नवी नोंद करायची नाही, ट्रान्सफरचा अर्ज टाकायचा. जुन्या क्लबची सोडचिठ्ठी लागते. ती मागायला स्वतः जा, खेळाडूला एकट्याला पाठवू नका. अनेकदा नकाराचं कारण एवढंच असतं की त्याने जुन्या क्लबची जर्सी परत केलेली नसते. खेळाडू दुसऱ्या राज्यातून आला असेल तर आंतरराज्य ट्रान्सफर लागते आणि तिला वेळ जास्त लागतो. ट्रान्सफरची खिडकी कधी बंद होते ती तारीख फाइलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

आणखी एक नियम बरेच जण विसरतात. फिफाच्या नियमानुसार एका हंगामात खेळाडूची नोंद जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने त्याला दोनच क्लबांकडून खेळता येतात. हंगामाच्या मधेच कोणी चांगला विंगर "मोकळा आहे" म्हणून आणला तर त्याने आधी किती ठिकाणी पाय मारला आहे ते तपासा.

नावांचं स्पेलिंग हा मुंबईतला खास त्रास. आधारवर आधी आडनाव, जन्मदाखल्यावर फक्त नाव आणि वडिलांचं नाव, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवा. फरक असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या. मंजुरीनंतर नाव बदलणं जास्त कटकटीचं. अठरा वर्षांखालच्या खेळाडूसाठी पालकांची लेखी संमती घ्या, आणि सही पालकांसमोर घ्या.

किती खेळाडू ठेवायचे

कागदावर 18 पुरेसे वाटतात, पण पुरत नाहीत. या पातळीवर निम्मे नोकरीत, निम्मे कॉलेजात. आठवड्याच्या मधल्या दुपारी सामना लागला की 24 जणांच्या संघातून 14-15 जमले तरी समाधान माना. नियमपत्रक परवानगी देत असेल तर 24-25 नोंदवा. त्यात गोलकीपर तीन. दोन असले की एकाची परीक्षा आणि दुसऱ्याच्या बोटाची दुखापत एकाच आठवड्यात येते.

किट

दोन रंगांचे संच हवेत, एक गडद आणि एक फिकट. दोन्ही गडद घेतले, म्हणजे निळा आणि काळा, तर पावसाळी संध्याकाळी रेफरीला फरक दिसत नाही आणि तो बदलायला लावतो. गोलकीपरचा रंग दोन्ही संघांच्या खेळाडूंपेक्षा आणि पंचांपेक्षा वेगळा लागतो, म्हणून त्याचेही दोन शर्ट घ्या. मोजे खेळाडूंच्या संख्येच्या दीडपट आणा. मोजेच आधी हरवतात.

आतल्या कपड्यांचा नियम रेफरी खरोखर पाहतात. जर्सीखाली लांब बाह्यांचा बनियन असेल तर त्याचा रंग जर्सीच्या बाहीसारखा हवा. शॉर्ट्सखालची टाइट शॉर्ट्सच्या मुख्य रंगाची किंवा तिच्या खालच्या कडेच्या रंगाची, आणि ज्यांनी घातली असेल त्या सगळ्यांची एकाच रंगाची. मोज्यावर टेप लावली तर तीही मोज्याच्याच रंगाची. पांढरी टेप एकदम घाऊक घेऊन लाल मोज्यांवर लावणारे संघ दर हंगामात दिसतात.

दागिन्यांना सूट नाही, टेप लावून झाकलेलंही चालत नाही. हातातलं कडं, कानातली बाळी, अंगठी, गळ्यातली चेन सगळं काढायचं. वर्षानुवर्षं न निघालेलं कडं टॉसच्या वेळी ओढत बसू नका. आदल्या रात्री घरी साबणाच्या पाण्याने काढायला सांगा. मनगटावरच्या दोऱ्याबद्दल वाद न घालता मॅनेजरने छोटी कात्री खिशात ठेवावी आणि आधीच समजावून सांगावं. शिनगार्ड सक्तीचे आहेत. किट बॅगेत तीन जोड्या जादा ठेवा.

सामन्याचा दिवस

सामना वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर असो की परळच्या सेंट झेवियर्सवर, सगळ्यांना किकऑफच्या 75 मिनिटं आधीची वेळ द्या. रविवारी मेगाब्लॉक साधारण सकाळी 11 ते दुपारी 4 असतो. शनिवारी संध्याकाळी कुठल्या मार्गावर आहे ते बघून डोंबिवली, कळवा, वाशी, पनवेलच्या मुलांना वेगळी वेळ कळवा. बॉलची बॅग आणि किट एकाच माणसाकडे देऊ नका. तो अडकला की सगळंच अडकतं.

संघाची यादी किकऑफआधी द्यायची असते, आणि इथे एक नियम तुमच्या बाजूचा आहे. संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू होत नाही. सात असले तर होतो. उशिरा येणारा खेळाडू नंतर उतरू शकतो, पण त्याचं नाव आधी दिलेल्या यादीत असेल तरच. त्यामुळे "तो अजून दादरला आहे, नाव नको टाकू" असं कधीच करू नका. नोंद पक्की आणि बंदी नसलेल्या ज्यांची येण्याची शक्यता आहे त्या सगळ्यांची नावं, मर्यादेत बसतील तेवढी, लिहा. आठ जणांनी सुरू करून विसाव्या मिनिटाला अकरा झालेले संघ वॉकओव्हर देणाऱ्या संघांपेक्षा केव्हाही बरे. यादीवरचा नंबर आणि पाठीवरचा नंबर मात्र जुळला पाहिजे. जर्सी बदलली तर यादी खोडून पुन्हा लिहा, तोंडी सांगू नका.

बुटांचं साधं आहे. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, धातूचे स्टड चालत नाहीत. टर्फचे किंवा आखूड मोल्डेड स्टड घाला. चिखल असलेल्या माती-गवताच्या मैदानावर तेच बूट घसरतात, तिथे लांब स्टड लागतात. ज्याच्याकडे एकच जोड आहे त्याने मोल्डेड घ्यावा.

बॉल नंबर 5: घेर 68 ते 70 सेंमी, वजन 410 ते 450 ग्रॅम, हवा 8.5 ते 15.6 पीएसआयमध्ये. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याऐवजी गेजवाला पंप घ्या. पिन खुपसण्याआधी ओली करा, नाहीतर वॉल्व्ह फाटतो आणि बॉल दुसऱ्या हाफमध्ये बसतो.

पाणी माणशी दीड लिटर धरा, म्हणजे 18 जणांना 27 लिटर. वीस लिटरचा एक जार पुरत नाही. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. "स्ट्राँग हवं" म्हणून अर्ध्या लिटरमध्ये घातलं की तहान वाढते आणि पोट बिघडतं. प्रथमोपचाराच्या पेटीत 10 सेंमीची क्रेप बँडेज चार, गॉझ, हातमोजे, टेप आणि बर्फाचा डबा. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळला, उलटी झाली किंवा स्कोअर विसरला तर तो त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही. यात प्रशिक्षकाचं मत विचारायचं नाही.

कार्डं आणि प्रोटेस्ट

एका वहीत प्रत्येक सामन्यानंतर तीन रकाने भरा: कोणाला पिवळं, कोणाला लाल, कोण कुठल्या सामन्याला बाहेर. लाल कार्ड म्हणजे निदान पुढचा एक सामना बाहेर, जास्त शिक्षा समितीच्या पत्रातून कळते. पत्र आलं नाही म्हणून शिक्षा नाही असं समजू नका, फोन करून विचारा. सामना पुढे ढकलला गेला तर बंदी कुठल्या सामन्याला लागेल, नेमका इथेच हिशेब चुकतो. बंदीतला खेळाडू उतरवला तर जिंकलेला सामना कागदावर हरावा लागतो. बाकावरच्यांनीही लक्षात ठेवा की 2019पासून प्रशिक्षक आणि मॅनेजरलाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं.

पेनल्टी होती की नव्हती यावर प्रोटेस्ट, म्हणजे औपचारिक तक्रार, करून फी बुडवू नका. खेळातल्या घटनेबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम असतो. प्रोटेस्ट चालतो तो खेळाडूच्या पात्रतेवर: नोंद नाही, बंदी आहे, दुसऱ्याच्या आयडीवर खेळला. तोही लेखी, फीसह आणि नियमपत्रकातल्या मुदतीत. संशय आला तर समोरच्या यादीचा फोटो सामना सुरू होण्याआधी काढून ठेवा.

पैसे, आणि हंगाम संपल्यावर

प्रवेश फी, नोंदणी, सरावाच्या मैदानाचं भाडं, किट, पाणी-बर्फ, प्रवास आणि दंड असे सात खर्च धरा. दंडाचा रकाना सगळे विसरतात. वर्गणी दोन हप्त्यांत घ्या आणि पहिला हप्ता आल्याशिवाय नोंदणीचा अर्ज पाठवू नका. एकदा नोंद झाली की उरलेले पैसे मागताना मॅनेजरचीच पंचाईत होते.

शेवटच्या सामन्यानंतर जर्सी मैदानावरच गोळा करा, नंबर टाकून मोजा. "धुऊन देतो" म्हणणाऱ्याची जर्सी पुढच्या वर्षी गोविंदाच्या टी-शर्टमध्ये सापडते. ओल्या जर्सी बॅगेत दाबून ठेवू नका, बुरशीचे काळे ठिपके जात नाहीत. थंड पाण्यात उलट्या करून धुवा, सावलीत वाळवा आणि नंबरवरून इस्त्री फिरवू नका. 8 नंबरच्या रेषा उचकटून त्याचा 3 झाला की पुढच्या हंगामात यादीशी नंबर जुळणार नाही.