दोन देशांच्या ताटांतला मिथेन कसा मोजावा

भारत आणि अमेरिकेत घरच्या जेवणामागे किती मिथेन, म्हणजे हवा तापवणारा वायू, सुटतो याची तुलना करायची तर राष्ट्रीय उत्सर्जनाचे आकडे आधी बाजूला ठेवा. ते उत्पादनाचे असतात. निर्यात केलेल्या तांदळाचा मिथेन आपल्या खात्यावर, भात मात्र परक्या घरात शिजतो. माणशी, वर्षाला किती दूध, तांदूळ, मांस घरात खाल्लं, इथून सुरुवात करा. आपल्याकडे २०२२-२३ चं घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण आहे. अमेरिकी कृषी खात्याचे आकडे पुरवठ्याचे. त्यातून नासाडी आणि हॉटेलातलं खाणं वजा करा.

मी गोठ्यात वाढले, म्हणून दुधापाशी थांबते. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरची आंतरसरकारी समिती. तिच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातली दुभती गाय वर्षाला ५८ किलो मिथेन सोडते आणि ९०० किलो दूध देते. उत्तर अमेरिकेतली १२८ किलो सोडते, दूध ८,४०० किलो. भागाकार करा: किलोमागे आपले सुमारे ६४ ग्रॅम, त्यांचे १५. आमच्या घरी रोज दोन लिटर लागतं, म्हणजे वर्षाला जवळपास ४७ किलो मिथेन. पण सगळा भार दुधावर टाकू नका. कडब्यावर जगणारी आपली गाय शेणखत देते, बैल देते. त्यांचा वाटा वेगळा काढलाच पाहिजे. म्हशीचा गुणकही, म्हणजे वर्षाला सोडलेल्या मिथेनचा आकडा, निराळा, ५५ किलो. २०१९ मध्ये हे गुणक सुधारले, तेव्हा दोन्ही देशांना एकाच आवृत्तीचे लावा.

तांदळासाठी शेतात पाणी किती दिवस साचून होतं ते बघा, कारण मिथेन त्या साचलेल्या पाण्याखालीच तयार होतो. तिकडच्या बाजूला गोमांस विसरू नका. बेरीज मिथेनच्या किलोतच ठेवा. कार्बन डायऑक्साइडमध्ये बदललीत तर किती वर्षांची तापवणूक धरली ती मुदत लिहा, कारण एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० किलोइतका.