अध्ययनाच्या मानसशास्त्रात मास्टर्स : म्युनिकमधली दोन वर्षे

पुण्यातल्या महापालिकेच्या एका शाळेत मी दुसरीच्या मुलांचे गणित घेत असे. तिथली एक मुलगी ‘तेवीस’ म्हटले की पाटीवर ३२ लिहीत असे. तिला संख्या कळत नव्हती असे मुळीच नाही. तेवीस काड्या दे म्हटले की ती दहादहाचे दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या न चुकता पुढे ठेवी. चूक फक्त लिहिताना होई, कारण ‘तेवीस’ या शब्दात तीन आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, आणि तिचा हात कानामागून चाले. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणारीही दोन-तीन मुले त्याच वर्गात होती. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि त्यावरून मोठा वाद झाला. मी ऐकलेल्या चर्चांत दोन्ही बाजू तळमळीने बोलत होत्या, पण मुले नेमकी कुठे अडखळतात आणि वाचन बदलल्याने ते अडखळणे कमी होते का, हे मोजून सांगणारे मला कोणी भेटले नाही. मोजायचे कसे, हे मलाही माहीत नव्हते. त्या अज्ञानातूनच मी पुढे म्युनिकच्या लुडविग माक्सिमिलिआन विद्यापीठात ‘सायकॉलॉजी : लर्निंग सायन्सेस’ या मास्टर्सला प्रवेश घेतला. या विषयाकडे वळू इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव इथे मांडते.

प्रवेश घेण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मी अनेक हुशार मुलामुलींच्या बोलण्यात ऐकला आहे. ही पदवी समुपदेशक किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ होण्याचा मार्ग नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते, आणि जर्मनीतही मानसोपचारासाठी स्वतंत्र शिक्षण व सरकारी परवाना लागतो. ही बीएडची पुढची पायरीही नव्हे. वर्गात उभे राहून कसे शिकवावे, हे इथे कोणी शिकवत नाही. माणूस शिकतो म्हणजे त्याच्या स्मरणात आणि आकलनात काय बदलते, तो बदल कशाने घडतो आणि आपण तसा दावा केला तर तो तपासायचा कसा, एवढाच या पदवीचा विषय आहे, आणि दोन वर्षांना तो पुरून उरतो.

अभ्यासक्रम इंग्रजीतून, चार सत्रांचा आणि १२० क्रेडिटचा आहे. प्रवेशाच्या वेळी तुमच्या बीएच्या गुणपत्रिकेतील टक्क्यांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मानसशास्त्राचे आणि त्यातही संशोधनपद्धती व संख्याशास्त्राचे किती पेपर झाले आहेत याला असते. आपल्याकडे बीएला अनेकदा मानसशास्त्राबरोबर आणखी दोन-तीन विषय असतात आणि संख्याशास्त्राचा एखादाच पेपर होतो, त्यामुळे ही बाजू लंगडी पडू शकते. शेवटच्या वर्षी निवड करण्याची मुभा असेल, तर एखादा आकर्षक वाटणारा पेपर सोडून संख्याशास्त्राचा घ्या, असे मी कळकळीने सांगेन. प्रत्येक पेपरचा तपशीलवार सिलॅबस महाविद्यालयाच्या शिक्क्यासह मिळवून ठेवा. माझ्या बाबतीत एका कार्यालयाने तो द्यायला इतके आठवडे लावले की अर्जाची मुदत टळता टळता राहिली.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचे तपासून दिलेला दाखला, सक्तीचे आहे आणि ते मिळायला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज सर्वांत आधी करावा. वर्षभराच्या खर्चाची हमी म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हाती येतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे. मला शिकवणी शुल्क भरावे लागले नाही, मात्र म्युनिकच्याच तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले आहे, तेव्हा दर वर्षी नियम पुन्हा वाचावेत. म्युनिक हे जर्मनीतले अतिशय महागडे शहर आहे आणि खोली मिळणे हीच तिथली खरी प्रवेशपरीक्षा आहे. विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रवेशपत्र हाती येताच त्याच दिवशी अर्ज करावा.

हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होते. मानसशास्त्र विभाग लिओपोल्डश्ट्रास या रस्त्यावर आहे, गीझेलाश्ट्रास स्थानकावर उतरले की चालत काही मिनिटांत पोचता येते, आणि शेजारीच विद्यार्थ्यांचे भोजनालय आहे. वेळापत्रकात दहा वाजता लिहिलेले व्याख्यान प्रत्यक्षात सव्वादहाला सुरू होते, वेळेपुढे ‘सी. टी.’ ही अक्षरे असतील तर ही पंधरा मिनिटे गृहीत असतात. पहिले व्याख्यान संपल्यावर सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकांवर ठकठक करू लागला, तेव्हा मी दचकले होते. तिथे टाळ्यांऐवजी अशी दाद देतात. गुण १.० ते ५.० असे असतात आणि १.० हा सर्वोत्तम, ४.० हा उत्तीर्णतेचा काठ. पहिल्या पेपरला २.३ मिळाल्यावर मी घरी फोन करून रडवेल्या आवाजात बोलले होते. नंतर कळले की ते चांगले गुण होते.

अभ्यासात मला सर्वाधिक मोल वाटले ते प्रयोग मुळातून वाचण्याचे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन शब्दावयव पाठ करून स्वतःच्याच विस्मरणाचा आलेख काढला आणि तो १८८५ मध्ये प्रसिद्ध केला, हे आपण बीएलाच वाचतो, पण एका माणसाने स्वतःवर केलेल्या प्रयोगावरून सर्वांबद्दल काय म्हणता येते आणि काय नाही, यावर आम्ही एक पूर्ण तास बोललो. दुसरे उदाहरण रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगाचे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के असे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले. आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री वही पुन्हापुन्हा वाचण्याची जी सवय आहे, ती इतकी चिवट का, याचे उत्तर त्या पहिल्या पाच मिनिटांत आहे. पुन्हा वाचलेले लगेच आठवते, म्हणून ते आले असे वाटते. या आकड्यांचा तक्ता मी अजूनही माझ्या टेबलासमोर लावून ठेवला आहे.

तितक्याच गांभीर्याने आम्हाला अशा निष्कर्षांवर शंका घ्यायलाही शिकवले गेले. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक होता आणि पुन्हा केलेल्यांपैकी फक्त ३६ टक्क्यांत तो आढळला. त्यामुळे अभ्यास सुरू करण्यापूर्वीच आपले गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धत नोंदवून ठेवणे, आवश्यक नमुनासंख्या आधी काढणे आणि आपली माहिती इतरांना तपासायला खुली ठेवणे या गोष्टी आम्हाला हात धरून शिकवल्या गेल्या. त्यासाठी ‘आर’ ही संगणकीय भाषा यावी लागते. मी ती पहिल्या सत्रात रात्री जागून शिकले आणि त्यात इतर वाचन मागे पडले. तुम्ही ती निघण्यापूर्वीच्या चार महिन्यांत शिकून घ्या. विनामूल्य मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते.

‘तेवीस’चा प्रश्न मला तिथे अनपेक्षितपणे पुन्हा भेटला. जर्मनमध्ये तेवीसला ‘ड्राय-उंड-झ्वानझिग’, म्हणजे ‘तीन आणि वीस’ म्हणतात. क्रम आपल्यासारखाच उलटा आहे. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांवरचा २००९ चा अभ्यास एका सेमिनारमध्ये समोर आला. त्यात ऐकलेली संख्या अंकांत लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या चुका या उलट क्रमाशी निगडित होत्या. पुण्यातली ती पाटी मला वाचताना दिसत होती. आपल्या शब्दांत तर आणखी एक गाठ आहे. जर्मन शब्दात तीन आणि वीस सुटे ऐकू येतात, मराठीत ते ‘तेवीस’मध्ये एकजीव होतात, आणि एकोणतीस-एकोणचाळीस यांत वजाबाकीही येते. मी उत्साहाने सांगितले की प्रबंध म्युनिकमधल्या मराठी मुलांवर करते. मार्गदर्शकांनी शांतपणे विचारले, ‘तुला ठरलेल्या वयाची किती मुले मिळतील?’ पालकांची लेखी संमती, नीतिसमितीची परवानगी, घरी मराठी आणि शाळेत जर्मन असे मिश्रण, हे सगळे मांडल्यावर दिसले की हाती येणारा आकडा फार लहान असेल. विषय तीनदा बदलून अखेर मी मराठीभाषक प्रौढांवर, टॅब्लेटवर ऐकलेली संख्या लिहिताना कोणता अंक आधी लिहिला जातो, एवढ्यावर काम केले. मला अपेक्षित होता तसा फरक आढळला नाही. त्यासाठी गुण कापले गेले नाहीत. जिथे स्पष्टीकरण माहितीच्या पुढे धावले होते तिथे मात्र कापले गेले, आणि ते योग्यच होते.

महिन्याच्या खर्चाला विभागातल्या सहायकाच्या कामाचा मोठा हातभार लागला. परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. हॉटेलात जास्त तास मिळत होते, तरी मी चाचण्यांच्या माहितीची नोंद करण्याचे काम निवडले, कारण शिफारसपत्र आणि कौशल्य दोन्ही तिथूनच आले. जर्मन भाषा अभ्यासक्रमासाठी लागत नसली तरी तिथल्या शाळांत संशोधन करायचे तर तिच्यावाचून दारही उघडत नाही.

पदवीनंतर तिथे नोकरी शोधण्यासाठी १८ महिने राहता येते. वर्गातले काही पीएचडीकडे वळले, काही कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांत गेले, काही शैक्षणिक सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे. मी पुण्याला परत आले. सध्या पहिली-दुसरीच्या गणिताचे सरावसंच आणि त्यांच्या चाचण्या तयार करते. ‘एकोण’ने सुरू होणाऱ्या संख्यांचा एक वेगळा संच गेल्या महिन्यात पूर्ण झाला. अर्ध्या वर्गांना तो मिळेल, अर्ध्यांना नेहमीचा, आणि दिवाळीच्या सुटीनंतर दोन शाळांत काम सुरू होईल.