इंदूरमधे पहिल्यांदा निवडणुकीचं काम करताय? मग आधी वोटर लिस्ट हातात घ्या

पहिल्या सीझनला प्रत्येकाला वाटतं नेत्याच्या गाडीत मागच्या सीटवर जागा मिळाली म्हणजे आपण राजकारणात आलो. बसा एखाद दिवस, हौस फिटू द्या, आणि मग गुपचूप आपल्या बूथची यादी मागून घ्या.

यादी घेऊन घरोघर जायचं, पेन हातात. कोण वारलं, कोणाची मुलगी लग्न होऊन गेली, कोण पुण्याला नोकरीला गेलंय, कोणाला 18 पूर्ण झालीत, सगळं नावासमोर लिहायचं. नवीन नावाला फॉर्म 6, नाव काढायला 7, पत्ता बदलला किंवा चूक असली तर 8, आणि हे काम निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच उरका, नंतर बीएलओच्या, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणसाच्या, मागे पळत बसाल. संध्याकाळी जा, दुपारी आजोबा झोपलेले असतात आणि उठवलं तर मत गेलंच समजा.

आपल्या मराठी पोरांची एक सवय, रामबाग नि लोकमान्य नगर या मराठी वस्त्यांमधेच फिरत राहतात कारण तिथे चहा मिळतो. अरे सुमित्राताई महाजन 1989 पासून 2014 पर्यंत इथून लोकसभेला सलग आठ वेळा निवडून आल्या त्या काय फक्त मराठी मतांवर का? दुसऱ्या मोहल्ल्यात जा, हिंदीत बोला, आणि बोलण्यापेक्षा ऐका जास्त. 2024 च्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी नाव मागे घेतलं तेव्हा इथे नोटाला, म्हणजे 'यापैकी कोणीच नको'च्या बटणाला, 2 लाख 18 हजारांवर मतं पडली, म्हणजे दारात गप्प उभा असलेला माणूसही मनात काहीतरी ठरवून बसलेला असतो.

मतदान संपायच्या 48 तास आधी प्रचार बंद, लाऊडस्पीकर तर एरवीही रात्री 10 नंतर नाही. बूथच्या 100 मीटरच्या आत मत मागायचं नाही, पक्षाचा गमछा घालून तर अजिबात नाही.

पोलिंग एजंट, म्हणजे बूथमधे बसणारा उमेदवाराचा माणूस, केलं तर लाजू नका, खरं शिक्षण तिथेच. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी पोचा, मॉक पोल होतो, म्हणजे मशीन तपासायला कमीत कमी 50 खोटी मतं टाकतात, मोजणी जुळते का बघा आणि ती मतं मशीनमधून क्लिअर झाली याची खात्री करूनच सही करा. कोणी दमात घेतलं तर आवाज न चढवता पीठासीन अधिकाऱ्याला, म्हणजे बूथच्या प्रमुखाला, सांगा. शेवटी फॉर्म 17सी ची, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्या हिशोबाची, कॉपी घेतल्याशिवाय खोली सोडायची नाही, मोजणीच्या दिवशी मतांचा आकडा त्यावरूनच ताडून बघतात.

आणि हो, पेट्रोलचा हिशोब रोजच्या रोज लिहून वरच्याला पाठवत जा, निकालानंतर कोणी फोन उचलत नाही भिया.