विद्यार्थ्यांच्या शिल्पप्रदर्शनाचं परीक्षण करताना

बक्षिसं ठरवायला बोलावलं की मी तासभर आधी जातो. पहिली फेरी वही न काढता, कुणाचं नाव न वाचता. आयोजकांना आधीच सांगायचं, नावांच्या चिठ्ठ्या झाका, क्रमांक ठेवा. आपलाच विद्यार्थी असेल तर हात ओळखू येतोच. त्याचे गुण दुसऱ्या परीक्षकाने द्यावेत.

शिल्पाभोवती पूर्ण फिरा. मुलं समोरची बाजू घासूनपुसून काढतात आणि पाठ भिंतीला लावून ठेवतात. मी सरळ स्टँड फिरवायला लावतो. व्यक्तिशिल्प असेल तर कानामागे, मानेच्या मुळाशी बघा. नाक-डोळे फोटोवरूनही जमतात, मान जमत नाही. मग खाली वाका: वजन कुठल्या पायावर आहे? कमरेचा कल त्याला धरून आहे का? आर्मेचर, म्हणजे शिल्पाच्या आतला आधाराचा सांगाडा, चुकलं असेल तर इथेच कळतं.

प्लास्टरवर ब्राँझचा रंग फासलेला दिसला की माझे दोन गुण जातात. पांढरं प्लास्टर पांढरंच छान दिसतं. सिमेंटसारख्या साध्या मालातून काय निघतं ते बघायला मुलांना अलिबागजवळ सासवण्याला, शिल्पकार नानासाहेब करमरकरांच्या घरी पाठवा; तिथे त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे.

आकाराला भुलू नका. एकदा मी सहा फुटी फायबरच्या शिल्पाला पहिलं बक्षीस दिलं. कोपऱ्यातली वीतभर टेराकोटाची शेळी घरी आल्यावर आठवत राहिली. तेव्हापासून निकाल लिहिण्याआधी चहा घेतो आणि कोपरे पुन्हा बघतो.

बक्षीस न मिळालेल्यांशी दहा मिनिटं बोला, कामासमोर उभं राहूनच.