खोली बदलली तरी सोबत येणारा डेस्कटॉप: कोल्हापुरात शिकायला येणाऱ्यांसाठी तयारीची यादी

गडहिंग्लज, चंदगड, गारगोटीकडून कोल्हापुरात शिकायला येणारी पोरं आधी खोली बघतात, मग मेस, आणि कॉम्प्युटरचं नंतर. त्यातही कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग बसतात ती पेटी, सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्या पैशात. पेटी एकाच टेबलावर राहणार असेल तर हे खपून जातं. पण वसतिगृह सुट्टीत रिकामं करावं लागतं, रूम पार्टनर बदलतो, मालक भाडं वाढवतो. ज्याला वर्षातून दोन-तीनदा डेस्कटॉप उचलायचाय, त्यानं कॅबिनेट पहिल्यांदा ठरवावं आणि बाकीचं सामान त्याच्या मापानं घ्यावं.

त्याच्याही आधी, डेस्कटॉप लागतोच का ते बघा. रोज कॉलेजला न्यायचा असेल तर लॅपटॉप घ्या, विषय संपला. कॅड, रेंडरिंग, व्हिडिओ एडिटिंग, गेम हे सगळं खोलीत बसूनच होणार असेल तर पुढचं वाचा. वसतिगृहात जाणार असाल तर डेस्कटॉप चालतो का आणि विजेचे वेगळे पैसे पडतात का, हे रेक्टरना प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवा.

आता तुमची पेटी जाणार कशी ते डोळ्यांसमोर आणा. घरच्या चारचाकीनं जाणार असेल तर निम्मी काळजी मिटली. एसटीनं जायचं असेल तर सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून रिक्षापर्यंत ती हातातच न्यायची आहे, दुसऱ्या हातात बॅग आहे आणि खोली बहुधा तिसऱ्या मजल्यावर आहे. वडापमध्ये, म्हणजे शेअर जीपमध्ये, ती मांडीवर येईल. भरलेलं छोटं कॅबिनेटही आठ-दहा किलोला जातं, तेव्हा दुकानात रिकामं उचलून 'हलकं हाय की' म्हणण्यात अर्थ नाही.

आकार लिटरमध्ये मोजायची सवय लावून घ्या. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि 1000 नं भागा. नेहमीचं मोठं कॅबिनेट 40 ते 50 लिटरचं भरतं. कूलर मास्टरचं एनआर 200 हे 18.25 लिटरचं आहे, म्हणजे साधारण 15 किलोच्या तेलाच्या डब्याएवढं. 10 लिटरच्या खालची कॅबिनेट दिसायला लई देखणी, पण त्यात प्रत्येक भाग निवडून, महाग घ्यावा लागतो आणि हात घालायला जागा राहत नाही. माझ्या मते विद्यार्थ्यानं 15 ते 33 लिटरच्या मधेच थांबावं.

त्या पट्ट्यात दोन वाटा आहेत. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड) 17 सेंटिमीटर चौरस असतो, त्याला रॅमच्या दोनच जागा आणि ग्राफिक्स वगैरे कार्डाची एकच. मायक्रो-एटीएक्स 24.4 सेंटिमीटर चौरस, बहुतेक वेळा स्वस्त आणि दुकानात सहज मिळणारा. असूसचं एपी 201 हे 33 लिटरचं जाळीचं कॅबिनेट या दुसऱ्या वाटेवरचं. बजेट ताणलेलं असेल तर मी मायक्रो-एटीएक्सच सुचवेन. थोडी जागा जास्त जाईल, पण बोर्डात वाचलेले पैसे रॅमला लागतील.

एसएमपीएसकडं, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याकडं, मात्र नीट बघा, कारण सगळे इथंच अडकतात. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस 15 सेंटिमीटर रुंद, 8.6 उंच आणि साधारण 14 खोल असतो. छोट्या कॅबिनेटांना लागणारा एसएफएक्स 12.5 रुंद, 6.35 उंच, 10 खोल. एसएफएक्स पट्टी लावून मोठ्या जागेत बसवता येतो, उलटं होत नाही. एनआर 200 ला एसएफएक्सच लागतो, एपी 201 मध्ये साधा एटीएक्स बसतो. सबमिशनच्या आठवड्यात एसएमपीएस गेला तर एटीएक्स गावातल्या दुकानात त्याच दिवशी मिळू शकतो, एसएफएक्स बहुधा मागवावा लागतो. हे एवढं एक कारण मला एटीएक्सच्या बाजूनं पुरेसं वाटतं.

ग्राफिक्स कार्ड घेताना दुकानदार म्हणेल, "बसतंय की, घ्या बिनधास्त." तरी टेप काढा. लांबी तर बघाच, पण जाडी आणि पॉवरची वायर वळायला बाजूला उरणारी जागाही बघा, कारण वायर काचेला किंवा पत्र्याला दाबली गेली की कनेक्टर अर्धवट बसतो. कार्ड बोर्डाच्या पाठीमागं जाऊन बसणाऱ्या कॅबिनेटात रायझर केबल, म्हणजे कार्ड बोर्डाच्या स्लॉटला जोडणारी वायर, असते. ती जेन 3 ची (वेगाची जुनी पिढी) आणि कार्ड जेन 4 चं (नंतरची, जास्त वेगाची) असेल तर स्क्रीन काळी पडणं, मधेच अडकणं सुरू होतं. मग बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन त्या स्लॉटचा वेग हातानं जेन 3 करावा लागतो. प्रोसेसरच्या कूलरची उंचीही कॅबिनेटच्या कागदावर लिहिलेली असते. एनआर 200 मध्ये 155 मिलिमीटरपर्यंत चालतो, 10 लिटरखालच्यांत कधी 50 सुद्धा नाही. इंटेलसोबत येणारा कूलर चार प्लॅस्टिकच्या खिळ्यांवर उभा असतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर त्यातला एखादा सुटतो. वरचेवर प्रवास असेल तर मागून स्क्रूनं आवळला जाणाराच कूलर घ्या.

काचेची बाजू नको. टफन काच सपाट मार सोसते, पण कोपरा फरशीला टेकला की एका क्षणात तिचा चुरा होतो. जाळीचा पत्रा बरा, हवाही खेळते. हँडल असेल तर ते सांगाड्याला स्क्रूनं धरलंय की वरच्या प्लॅस्टिकला, हे आतून बघा. हँडलच नसेल तर शिवाजी उद्यमनगरात पट्टी वाकवून देणारे कारागीर आहेत. फक्त भोकं पाडायच्या आधी आतलं सगळं सामान काढा, लोखंडाचा कीस बोर्डावर पडला तर संपलं.

कॅबिनेटचा मूळ खोका आणि थर्माकोल घरी माळ्यावर जपा. निघायच्या आधी वायफायचे अँटेना काढा, तेच पहिले मोडतात. जड कार्ड काढून त्याच्या पिशवीत वेगळं घ्या. काढायचं नसेल तर नेहमीच्या रचनेचं कॅबिनेट असं आडवं ठेवा की मदरबोर्ड तळाशी येईल. मग कार्ड उभं राहतं आणि स्लॉटवर लोंबत नाही. एक स्टार स्क्रू-ड्रायव्हर आणि जास्तीचे स्क्रू छोट्या पिशवीत. डेटाचा बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर, आणि तो ड्राइव्ह वेगळ्या बॅगेत.

जून ते सप्टेंबरमध्ये हलवणार असाल तर खोक्याच्या आत जाड प्लॅस्टिक घाला, बाहेरून नुसतं गुंडाळून भागत नाही. पोहोचल्यावर पेटी उघडून तास-दोन तास तशीच ठेवा, मग सुरू करा. खोली तळमजल्यावर आणि पंचगंगेच्या बाजूला असेल तर 2019 आणि 2021 चे पूर आठवा आणि 'पाणी कुठवर आलं होतं?' हे मालकाला नको, शेजाऱ्याला विचारा. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. आकडा 39 कडं सरकायला लागला की पेटी वरच्या मजल्यावरच्या दोस्ताकडं. शिरोलीजवळ हायवे बंद झाल्यावर ती घरी न्यायचं नियोजन करून उपयोग नाही.

खोलीत शेवटचं काम विजेचं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समजा. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा जो थोडा प्रवाह अर्थिंगमधून जायचा तो पत्र्यावर येतो. जुन्या घरांत हे सर्रास असतं. लाकडी फळीवर पेटी ठेवून वेळ मारून नेऊ नका, मालकाला वायरमन आणायला लावा. यूपीएस घेताना व्हीए म्हणजे वॅट समजू नका. 600 व्हीएच्या यूपीएसवर बहुधा 360 वॅट लिहिलेलं असतं आणि कार्ड जोरात चालताना मॉनिटरसह तेवढं पुरेलच असं नाही. शिवाय त्यात शिशाची बॅटरी असते, म्हणून तो पेटीसोबत एका खोक्यात भरू नका. बॅटरीचं एक टोक काढून, वेगळ्या पिशवीत, पायाशी ठेवून न्या.